संचालक मंडळापुढे संगणक विभागाची बाजू मांडताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. दूध संघाचे नवे सॉफ्टवेअर सुरळीत चालू झाले, मग प्रोग्रामरना अजून पगार कशासाठी द्यायचा, असा प्रश्न संचालकांनी विचारल्याचे तुझ्या पत्रावरून समजले. त्यांच्यावर रागावू नकोस. शीतकरण केंद्राची इमारत उभी राहिली की गवंडी घरी जातो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. शिवाय सॉफ्टवेअरच्या नावाखाली अवाच्या सवा बिले लावणारे पुरवठादारही त्यांना भेटलेच असणार.

बैठकीत सर्व्हर आणि डेटाबेस यांविषयी बोलू नकोस. त्याऐवजी आवक विभागातून गेल्या काही वर्षांची शासकीय परिपत्रके काढ आणि प्रत्येकापुढे, त्यामुळे प्रोग्राममध्ये काय बदलावे लागले, हे लिही. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद व लेबल लावलेल्या दही, ताक आणि लस्सीवर ५ टक्के जीएसटी आला. ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवरील उलाढालीपर्यंत खाली आली. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेव्हा उत्पादकाच्या बँक खात्यासोबत जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांकही ठरावीक नमुन्यात भरून द्यावा लागला. जुन्या प्रोग्राममध्ये जनावराची नोंदच नसेल, तर ही माहिती कोण आणि कुठे भरणार, असे त्यांनाच विचार.

एक उदाहरण मात्र सविस्तर सांग. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तूप, लोणी व चीज यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर वेष्टनबंद पनीरवरील ५ टक्के कर शून्य झाला. वरवर पाहता दोन-चार आकडे बदलायचे होते. पण २० सप्टेंबरला विकलेले तूप वितरकाने २५ तारखेला परत केले, तर त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारे पत्रक) जुन्या १२ टक्क्यांनीच निघायला हवी आणि त्याच दिवशी त्याच वितरकाला दिलेल्या नव्या मालाचे बिल ५ टक्क्यांनी. प्रोग्राममध्ये वस्तूगणिक एकच दर साठवलेला असेल, तर हे साधत नाही. दराला तारीख जोडावी लागते, आणि बिलाची, परताव्याची व विवरणपत्राची जुळणी नव्याने तपासावी लागते. हातात १९ दिवस, आणि तेवढ्यातही दर दहा दिवसांचे उत्पादकांचे बिल थांबवून चालत नाही. माझ्या मते एवढे एक उदाहरण संचालकांना नीट समजले, तरी अर्धे काम झाले.

“वार्षिक देखभाल करार आहे ना?” असे कोणीतरी विचारणारच. तो करार बैठकीला घेऊन जा. अशा करारांत बहुधा बिघाड दुरुस्त करण्याची हमी असते. कायदा बदलला म्हणून करायच्या नव्या कामाचा दर निराळा असतो, आणि ऐन गडबडीत पुरवठादाराचे सगळेच ग्राहक एकाच वेळी रांगेत उभे असतात.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात मांड. भीती घालून मिळवलेली मंजुरी पुढच्या अंदाजपत्रकात टिकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या मोफत लायब्ररीतील, म्हणजे अनेक प्रोग्राममध्ये जोडल्या जाणाऱ्या तयार कोडमधील, गंभीर त्रुटी उघड झाली. ही लायब्ररी आपल्या कोणत्या प्रोग्राममध्ये वापरली आहे, हे सांगू शकणारा माणूस ज्यांच्याकडे होता, त्यांनाच तातडीने दुरुस्ती करता आली. सेंटओएस ७ या सर्व्हर प्रणालीच्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी बंद झाल्या, तेव्हाही प्रोग्राममध्ये एकही दोष नसताना तो नव्या प्रणालीवर हलवणे भाग पडले.

मागणी नेमकी ठेव. दोन माणसे माग, आणि दोनच का हेही सांग: एकटा माणूस रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, तर फॅट व एसएनएफ (दुधातील स्निग्धेतर घनपदार्थ) यांनुसार दर काढणाऱ्या प्रोग्रामचे बारकावे त्याच्याबरोबर जातात. त्यांच्या वर्षाच्या पगारासमोर बाहेरून करून घेतलेल्या बदलांची प्रत्यक्ष बिले ठेव. ती पगारापेक्षा कमी निघाली तरी आकडा लपवू नकोस, उशिराने काय अडले ते त्याशेजारी लिही. शक्यतो तू स्वतः कमी बोल. लेखा विभागप्रमुख आणि दूध संकलन अधिकारी यांनी आपापली अडचण सांगितली, तर तिला अधिक वजन येते, कारण त्यांना स्वतःच्या विभागासाठी काही मागायचे नसते.

टिपणी दोन पानांपेक्षा मोठी करू नकोस, आणि अध्यक्षांना बैठकीच्या आधीच भेटून ती वाचून दाखव. कच्चा मसुदा मला पाठवलास, तर आकडे मी तपासून देईन.

कळावे.