पटावरचे दाणे आणि ६४१

प्रश्न : सर, बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत ६४ घरे भरली तर एकूण दाणे किती? आठवीतल्या मुलीचा प्रश्न. एक्सेलने १८४४६७४४०७३७०९६००००० दाखवले. हे बरोबर आहे का? आणि एवढ्या संख्येचे अवयव हाताने पाडता येतील?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटची पाच शून्यं खरी नाहीत. एक्सेल पंधराच अंक दाखवतं, त्यातला शेवटचा जवळच्या अंकावर नेतं (इथे ५ चा ६ झाला), पुढे शून्यं भरतं. चूक मुलीलाच पकडू द्या. पहिल्या घरात एक दाणा, बाकी प्रत्येक घरात सम. मग बेरीज विषमच यायला हवी ना? खरी संख्या २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

अवयव हाताने पडतात, आणि तेही तिच्याच पुस्तकातल्या सूत्राने : अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). २ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग. म्हणून एक कंस (२ चा ३२ वा घात + १), दुसरा (२ चा ३२ वा घात − १). वजाबाकीचा कंस पुन्हा तसाच फोडायचा, पुन्हा, पुन्हा. शेवटी हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७.

पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीही मूळच असणार, असं सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येतो, हेही पुढे त्यानेच सिद्ध केलं. त्यामुळे तपासायच्या मूळ संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते!

मी ३१ वर्षं गणित शिकवलं, पण हा भागाकार फळ्यावर मांडताना आजही हात थबकतो. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. वरचा ९ घेतला की ४४८९, सात वेळा, बाकी फक्त २. पुढे ६ घेतला तर २६, ७ घेतला तर २६७, दोन्ही वेळा भाग शून्य. बहुतेक मुलं इथेच एक शून्य गाळतात. मग २६७२ ला चार, उरले १०८. १०८९ ला एक, आणि बाकी पुन्हा तीच ४४८! शेवटचा ७ उतरवला की ४४८७, म्हणजे बरोबर सात वेळा, बाकी शून्य. भागाकार ६७००४१७, आणि तीही मूळ संख्या आहे.

म्हणजे दाण्यांचे मूळ अवयव सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. मुलीला हा भागाकार पाठकोऱ्या कागदावर स्वतः करू द्या आणि ती दोन शून्यं तेवढी जपायला सांगा.