विजयाचं तेल सुरू करताना

ताई, वैद्यांनी दुखण्यासाठी विजयाचं, म्हणजे भांगेचं, तेल लिहून दिलंय ना, मग चिठ्ठी आणि बिल आधी जपून ठेवा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा-चरस बाळगणं गुन्हा आहे. भांगेच्या पानांपासूनची आयुर्वेदिक औषधं मात्र परवान्याने बनतात. सांगलीत कुणी "सुटं, स्वस्त देतो" म्हणालं तर तिथून सरळ घर गाठा.

खरी गोची पोटातून घेण्यात आहे. असर यायला अर्ध्यापासून दोन तास लागतात. मी पाऊण तासात "छे, काहीच होईना" म्हणत परत थेंब टाकले, आणि रात्रभर विश्रामबागेतलं घर कृष्णेतल्या होडीगत डुललं! म्हणून सुरुवात सांगितलेल्या सगळ्यात कमी थेंबांनी, रात्रीच, आणि वैद्यांना विचारल्याशिवाय वाढवणं नाही. थेंब, वेळ, झोप, दुखणं, सगळं वहीत टिपा. पुढच्या खेपेला वैद्यांना ती वहीच दाखवा.

वॉर्फरिन (रक्त पातळ करायची गोळी) किंवा फिटची गोळी चालू असेल तर त्या डॉक्टरांनाही सांगा, लाजायचं काय त्यात? घरात कुणाला मानसिक आजार असेल तर तेही बोला. घेतल्यावर स्कूटीला हात नाही. आणि बाटली कुलपात, नातवंडं खोकल्याचं औषध समजतात.