बाइकच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा रिटेनर तुटलाय. घरीच वेल्ड करून कमी खर्चात भागेल का?

नाही. वेल्ड करू नका.

तुम्ही लिहिलंय की रिटेनरला, म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग वरून धरून ठेवणाऱ्या वाटीला, तडा जाऊन कडेचा तुकडा उडालाय, व्हॉल्व्ह अजून जागेवर आहे, ओळखीच्या माणसाकडे वेल्डिंग मशीन आहे आणि गाडी जुनी म्हणून तिच्यावर फार पैसे घालायचे नाहीत. पैसे घालायचे नाहीत हे पटलं. घरी करायचं हेही पटलं, मी स्वतः घरीच करतो. पण वेल्डिंग मशीनवाला ओळखीचा असणं हीच या कामातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे. आमच्याकडे असा माणूस घरातच आहे. माझे भाऊजी.

भाऊजींचा हात वेल्डिंगवर खरोखर चांगला आहे, ते नाकारत नाही. गेट, जिने, ट्रॉलीची चासी, काहीही द्या. अडचण एवढीच की त्यामुळे जगातली प्रत्येक तुटलेली वस्तू त्यांना सांधण्याजोगी दिसते. आमच्या वडिलांची १०० सीसीची फोर स्ट्रोक त्यांच्याकडे असायची, तिचा रिटेनर तुमच्यासारखाच तडकला. मी म्हटलं, भाऊजी, नवीन मागवतो, मीच बसवून देतो. ते म्हणाले, "अरे एवढीशी वाटी ती, दोन टाके मारले की झालं." मारले. ग्राइंडरने घासून असा गुळगुळीत केला की सांधा कुठे आहे ते दिसेना. स्वतःच बसवला, आणि मला फक्त टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट ठेवायला, बोलावलं. मी थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फीलर गेज घालून पुस्तकात दिलेला गॅप ठेवला आणि घरी आलो.

गाडी चालली की! हेच तर वाईट झालं. पुढे काही आठवडे भेटतील तिथे "बघ, पळतेय की नाही?" ऐकून घ्यावं लागलं. मग एक दिवस सपाट रस्त्यावर, चांगल्या वेगात असताना, खाडकन आवाज आणि इंजिन बंद. हेड उघडलं तर रिटेनर वेल्डच्या कडेनेच फुटलेला. रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर धरून ठेवणारी लॉक निसटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरलेला, पिस्टनने त्याला वाकवलेलं, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे खड्डे आणि हेडमधली सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा, कडेला फुटलेली. आणि या सगळ्यावर भाऊजींचा निकाल काय? "वेल्डिंग पक्कं होतं. तू टॅपेट टाइट ठेवलेस."

हे वाक्य मी आजही ऐकतो. घरात चार माणसं जमली की कोणीतरी गाडीचा विषय काढतं आणि भाऊजी माझ्याकडे बघून हसतात. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो, ते वाचतील अशी आशा आहे.

टॅपेट टाइट असला, म्हणजे गॅप उरला नाही, तर काय होतं? व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चालू इंजिनात ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्यातली बहुतेक उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते. व्हॉल्व्हचं एक चक्र इंजिनच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं. त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ व्हॉल्व्ह उघडा असतो, बाकीचा वेळ सीटवर बसून थंड होत असतो. गॅप नसला तर हे थंड होणंच बंद पडतं. मग कडा जळते, कॉम्प्रेशन गळतं, गाडी गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला नखरे करते, ओढ कमी होते. हे सगळं हळूहळू होतं आणि व्हॉल्व्हच्या कडेवर दिसतं. आमच्या व्हॉल्व्हची कडा वाकली होती, पण जळाल्याचा डाग कुठेही नव्हता. टाइट टॅपेटने रिटेनर फुटत नाही, भाऊजी. दांडा दाबणारा रॉकर रिटेनरला शिवतसुद्धा नाही.

रिटेनर फुटतो तो त्याच्यावरच्या ताणाने. त्याच्या मधलं भोक निमुळतं असतं, त्यात दोन अर्धी लॉक बसतात आणि स्प्रिंग रिटेनरला सतत वर ढकलत असते. जोर जितका जास्त तितकी लॉक पाचरीसारखी रुतून रिटेनरला आतून फाकवतात. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडझाप करतो. एवढे हिसके सोसावेत म्हणून रिटेनरचं पोलाद पाणी देऊन कडक आणि चिवट केलेलं असतं. त्याच्यावर वेल्डिंग म्हणजे पोलाद वितळवणं, साधारण १५०० अंश सेल्सिअस. टाक्याच्या शेजारच्या पट्ट्यात ते पाणी उतरतं, नाहीतर भलतीकडे ठिसूळ होतं. टाका स्वतः शाबूत राहतो आणि त्याची कड सुटते. आमचा तुकडा तसाच फुटला होता, तो मी डबीत ठेवलाय, कोणालाही दाखवतो.

आता तुमचं. नवीन रिटेनर आणि लॉकची जोडी आणा. जुनी लॉक नव्या रिटेनरमध्ये घालू नका, किरकोळ वस्तू आहेत त्या. काटकसर मजुरीत करा, भागात नाही. आमच्या गाडीचंही शेवटी मी असंच केलं: वापरलेलं पण सरळ हेड, नवीन व्हॉल्व्ह, नवीन पिस्टन, आणि बाकी सगळं काम अंगणात. व्हॉल्व्ह घासायला आधी जाड पेस्ट, मग बारीक, सक्शनची काठी दोन तळव्यांत फिरवायची, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा टेकवायचा, चहूबाजूंनी एकसारखी करडी रेघ येईपर्यंत. मग रॉकेलने धुऊन काढायचं, पेस्टचा कण गाईडमध्ये, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीत, राहिला तर तो गाईड खात बसतो. स्प्रिंगा चढवून पोर्टमध्ये रॉकेल भरलं, आतल्या बाजूला थेंब आला नाही. ती गाडी अजून चालू आहे, हेही भाऊजींनी वाचावं.

तुमचा व्हॉल्व्ह पडलेला नाही, तेव्हा बहुधा हेड काढायचीसुद्धा गरज नाही. स्पार्क प्लग काढा, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन टोकाच्या थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सारा, टोक बाहेर राहू द्या, मग इंजिन हाताने हळू फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली घट्ट दाबून घ्या. आता व्हॉल्व्ह खाली पडू शकत नाही. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्ये असेल तर चेन आणि स्प्रॉकेटवर खुणा करा, चेन तारेने बांधून ठेवा, आणि कॅम काढल्यावर क्रँकला हात लावू नका. रिटेनरवर गोटी पाना ठेवून हातोडीने हलकी टिचकी मारली की चिकटलेली लॉक सुटतात. मग स्प्रिंग दाबून ती चुंबकाने उचलायची. तुमच्या रिटेनरचा तुकडा आधीच उडालेला असल्यामुळे टिचकी खरंच हलकी हवी, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. स्प्रिंग उडाली की कुठे जाईल सांगता येत नाही.

स्प्रिंग हातात आलीच आहे तर व्हर्नियरने तिची मोकळी लांबी मोजून पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघा. उभी ठेवल्यावर एका बाजूला कलत असेल तर बदला. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची लॉकची खाच बोटाने चाचपा, तिची कड झिजली असेल तर व्हॉल्व्हही गेला. दांडा गाईडमध्ये डुगडुगत असेल तर हेड काढून लेथवाल्याकडे न्या. गाईड बदलणं आणि सीट कापणं घरी होत नाही, तिथे मी माझ्याही हट्टाला आवर घालतो. जोडणी झाली की दोरी काढून प्लग लावण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, खुणा पुन्हा बघा. टॅपेट त्यानंतर.

दोन गोष्टी राहिल्या. घासण्याचं वर लिहिलंय ते साध्या पोलादी व्हॉल्व्हसाठी. टायटॅनियमचे किंवा वरून लेप दिलेले व्हॉल्व्ह पेस्टने घासू नयेत, लेप निघून जातो. आणि काही मोठ्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असून त्यात सोडियम भरलेलं असतं, तो कधी कापू नका, पाणी लागलं तर सोडियम पेट घेतं. तुमच्या गाडीत यातलं काही असण्याची शक्यता कमी.

आणि तो उडालेला तुकडा तुम्हाला सापडलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल सापडला तर किक मारू नका. ऑइल चाळणीतून काढा, गाळणी उघडा, चेनच्या खोबणीत चुंबक फिरवा, जुन्या रिटेनरशेजारी ठेवून सगळे तुकडे जुळतात का बघा. एवढं जुळेपर्यंत नवीन रिटेनर पाकिटातच राहू द्या.