जर्मनीत सॉसेज आणि बटाट्यांशिवाय काही मिळतं का? मसाले किती न्यावेत?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी स्टुटगार्टला निघालाय, शाकाहारी आहात आणि "जर्मनांना स्वयंपाक येत नाही असं तिकडे जाऊन आलेले एक नातेवाईक सांगतात". मसाल्यांचं नंतर बघू. हे नातेवाईकांचं वाक्य वाचलं आणि राहवेना, कारण असे एक नातेवाईक माझेही आहेत. आमचे साडू.

मी स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहतो. साडू सोलापूरचे. 2012 च्या ऑक्टोबरात युरोपच्या टूरला आले. टूरवाले सकाळी पोहे, रात्री पुलाव आणि पनीर देत होते, तेव्हा जर्मन म्हणावा असा एक घास त्यांच्या पोटात गेला नव्हता. टूर संपल्यावर चार दिवस आमच्याकडे राहिले. वरच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई. समोरासमोर आम्ही त्यांना 'फ्राउ' लावून आडनावाने हाक मारायचो, घरात मात्र त्या आजीच. पाहुणे आलेत कळल्यावर त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. काय चालत नाही, हे तीन दिवस आधी विचारून घेतलं आणि बेत ठरवला लिन्झन मिट श्पेट्झले, म्हणजे मसूर आणि श्पेट्झले (अंडं घातलेल्या मैद्याच्या उकडलेल्या पट्ट्या). श्वाबियाचा, म्हणजे आमच्या या भागाचा, रोजच्या घरातला पदार्थ. एरवी त्यात डुकराच्या चरबीचे तुकडे पडतात. ते त्यांनी वगळले, मांसाऐवजी भाज्यांचा स्टॉक वापरला आणि सोबतची सॉसेज वेगळ्या पातेल्यात ठेवली.

मी मदतीला म्हणून आधी वर गेलो होतो. अंडी, मैदा, मीठ, थोडंसं पाणी. मधे भोक असलेल्या लाकडी चमच्याने ते पीठ इतकं फेटायचं की बुडबुडे यायला हवेत. मग ओल्या पाटीवर पातळ पसरायचं आणि सुरीने बारीक पट्ट्या खरवडत थेट उकळत्या पाण्यात सोडायच्या. वर तरंगल्या की झाऱ्याने काढायच्या. हल्ली यासाठी सोऱ्यासारखं यंत्र मिळतं, पण आजींच्या मते ते आळशी लोकांचं काम. मी प्रयत्न केला तेव्हा माझ्या पट्ट्या बोटाएवढ्या जाड पडल्या. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून सुरी काढून घेतली. तिकडे मसूर कांदा, गाजर, लीक घालून शिजत होती. वर लालसर परतलेल्या मैद्याचं दाटण, आणि शेवटी व्हिनेगर. आपण आमटीत चिंच कोळतो ना, तेच काम.

ताटं आली. साडूंनी चव घेतली नाही. ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली, ताटभर भुरभुरवली आणि मराठीत म्हणाले, "फोडणी विसरलेली मसूर आणि उकडलेलं पीठ!"

आजींनी मला विचारलं, काय म्हणाले?

मी सांगितलं, "त्यांना आईच्या हातच्या जेवणाची आठवण आली."

झालं! तेव्हापासून दर ख्रिसमसला आजी साडूंसाठी अर्धा किलो मसूर माझ्या हातात ठेवतात. साडूही गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत 'जर्मनांना स्वयंपाक येत नाही' हे पुराव्यानिशी सांगतात. पुरावा म्हणजे तेच ताट.

गंमत अशी की मी खोटं बोललोच नव्हतो. पातळ डाळीत शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांना सोलापुरात चकोल्या म्हणतात, विदर्भात वरणफळं. साडूंना चकोल्या इतक्या आवडतात की आठवड्यातून एकदा झाल्याच पाहिजेत. फरक फोडणीचा आणि अंड्याचा. मग 'स्वयंपाक येत नाही' कुणाला?

आणि ती मसूर साधी नव्हे. श्वाबियन आल्बच्या दगडाळ, चुनखडीच्या पठारावर पूर्वी मसूर व्हायची. तिची वेल आडवी पडते म्हणून ओट किंवा बार्लीबरोबर मिश्रपीक घेत. उत्पन्न कमी, कष्ट फार, त्यामुळे गेल्या शतकाच्या मध्यानंतर लागवड बंद पडली आणि जुनी वाणंही हरवली. 2006 मध्ये ती सापडली रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात! तिथून मूठभर बी आणून आल्बच्या शेतकऱ्यांनी ते पुन्हा वाढवलं. आजींच्या बोलीत तिला 'लाइझा' म्हणतात. साडूंच्या कपाटात ती पुडीबंद पडून असते.

आता सॉसेज-बटाट्यांचं. 'जर्मन जेवण' असं एक काही नसतंच. जसं 'भारतीय जेवण' म्हटल्यावर आपल्याला राग येतो, तसंच हे. फ्रँकफुर्टला सात हिरव्या पाल्यांचा गार सॉस मिळतो, उकडलेली अंडी आणि बटाट्यांबरोबर. त्यातला एक पाला म्हणजे आपल्या आंबट चुक्याची बहीणच. पूर्वेला लाउझिट्समध्ये क्वार्क, उकडलेले बटाटे आणि वर जवसाचं तेल. क्वार्क म्हणजे चक्का समजा. कोलोनमध्ये 'अर्धा कोंबडा' मागवलात तर राय ब्रेडचा पाव आणि जाड चीज येतं, घाबरू नका. बटाट्याच्या सॅलडवरून तर इथे भांडणं होतात: उत्तरेत मेयोनेझ, आमच्याकडे गरम स्टॉक आणि व्हिनेगर. आमचंच बरोबर आहे. शरद ऋतूत द्राक्षबागायतदार दारावर खराटा टांगून घरातच खानावळ उघडतात. खराटा दिसला की आत जा.

आता सावधगिरी, जी खरं तर आधी सांगायला हवी होती. वर म्हटलेलं श्वाबियन बटाट्याचं सॅलड बहुधा मांसाच्या स्टॉकमधलं असतं, विचारून घ्या. माउलटाशन म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरलेला पदार्थ; त्यात पालकाबरोबर मांस असतं, आणि ते वरून दिसत नाही. म्हणूनच त्याला गमतीने 'देवाला फसवणारं' म्हणतात, उपासाला खाता यावं म्हणून. भाज्यांचं सारण असलेलेही मिळतात. केझश्पेट्झले, म्हणजे चीजचे श्पेट्झले, 'श्पेक (डुकराची चरबी) नको' सांगून मागवा. अंडं चालत नसेल तर मात्र यातलं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही, माफ करा. आणि ऑफिसच्या कँटीनवरून काही ठरवू नका, ती जगात सगळीकडे सारखीच.

मसाले: गोडा मसाला, हिंग, शेंगाचटणी आणा. धणे, जिरे, हळद इथल्या तुर्की दुकानांत सहज मिळतात. कुकर आणा, तीन लिटरचा. पण आमच्या साडूंसारखं पहिल्या घासाआधी पुडी काढलीत तर मी भाषांतर करायला येणार नाही.