ती नुसती मान डोलावते

"मी तिला सगळं समजावून सांगते, ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तेच. माझंच काही चुकतंय का?"

२५ वर्षं गणित शिकवलेल्या बाई समोर बसल्या होत्या. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) शाळेत त्यांच्या शब्दाला वजन, म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेची मार्गदर्शक म्हणून त्यांनाच नेमलं. त्यासाठी तयारी काय करून घेतली, तर हातात आदेशाचा कागद दिला. हे गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. ज्याला शिकवता येतं त्याला शिकवायला शिकवताही येईल, असं शाळा धरून चालतात. ते आलं नाही की चांगला शिक्षक स्वतःलाच बोल लावत बसतो.

त्यांनी पाठनिरीक्षणाची वही आणली होती. एका तासावर ११ सूचना, आणि तशी एकही चूक नव्हती. "आवाज पोचत नाही." "मागच्या बाकांकडे लक्ष नाही." शेवटची होती "घाई", तिच्याखाली दोन रेघा.

"हे वाचून तिनं उद्या नेमकं काय करायचं?" मी विचारलं.

"घाई करायची नाही," असं म्हणून त्या स्वतःच थांबल्या.

मग मी म्हटलं, वर्गात शिरल्यापासूनची पहिली तीन मिनिटं मला सांगा.

"त्यात काय सांगायचं? जाते आणि शिकवायला लागते."

मी गप्प राहिले. हळूहळू एकेक निघू लागलं. दारात त्या क्षणभर थांबतात. पुस्तक उघडत नाहीत. फळा पुसताना, पाठमोऱ्या असताना, नुसत्या कुजबुजीवरून आज वर्ग कसा आहे ते ताडतात. पहिला प्रश्न मुद्दाम सोपा असतो आणि तो आदल्या दिवशी गप्प राहिलेल्या मुलाला जातो. तीन मिनिटांचा हिशेब लागायला ४० मिनिटं गेली. "हे सगळं मी करते हे मलाच ठाऊक नव्हतं हो," त्या म्हणाल्या. वहीतल्या ११ सूचनांत यातलं अक्षरही नव्हतं.

अशा वेळी मी एक खेळ खेळते. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी तो प्रयोग म्हणून केला होता. ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल घुमत असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त टकटक. बाईंनी वाजवलं, मला ओळखता आलं नाही. त्यांनी तेच पुन्हा जोरात वाजवलं आणि हसू लागल्या. "घाई"खालची दुसरी रेघ म्हणजे हेच होतं.

मान डोलावण्याचं कारण मात्र दुसऱ्या भेटीत कळलं, तेही बोलता बोलता. मुख्याध्यापक अधूनमधून विचारत, "नवीन बाईंचं कसं काय चाललंय?" आणि बाई प्रामाणिकपणे खरं ते सांगत. नव्या शिक्षिकेला हे माहीत होतं, आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. आता तिनं यांच्यासमोर "मला हा वर्ग आवरत नाही" असं कशाला कबूल करावं? अँड्र्यू हॉबसन आणि अँजी माल्डरेझ या अभ्यासकांनी २०१३ मध्ये या प्रकाराला 'जजमेंटॉरिंग' असं नाव दिलं: मार्गदर्शनाच्या पांघरुणाखाली निवाडा. या बाबतीत मी हट्टी आहे. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सोडला, तर मार्गदर्शकानं वरिष्ठांकडे चकार शब्द काढू नये. मूल्यमापन दुसऱ्या कुणी करावं. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पण मानलं. मग बाईंनी ते त्यांच्यासमोरच नव्या शिक्षिकेला सांगितलं. माघारी सांगून तिचा विश्वास बसला नसता.

वहीचंही रूप बदललं. डाव्या पानावर फक्त दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच, विशेषणं बंद. उजवं पान कोरं, ते नवीन बाईंनी भरायचं. "घाई"च्या जागी आलं: "प्रश्न विचारल्यावर सेकंदभरात स्वतःच उत्तर सांगितलं. असं सहा वेळा." मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातले असे विराम मोजले होते. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंदांपर्यंत थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि निरुत्तर राहणं कमी झालं.

मग उलटी फेरी. नवीन बाई यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या, एकच प्रश्न घेऊन: बाई किती थांबतात? बाईंना स्वतःची खात्री होती. निघालं काय, तर बऱ्याचदा त्याही सेकंदभरच. दोन दिवस त्या धुसफुसत होत्या. सूचना देणाऱ्यालाही मोजमाप झोंबतं, याचा अंदाज मला असायला हवा होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा भर वर्गात "अगं थांब, मी दाखवते" म्हणत त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला. मुलांनी पाहिलं. पुढचे दोन आठवडे उजवी पानं कोरी राहिली. आता आधीच ठरलेलं असतं: तिनं हाक मारल्याशिवाय मागच्या बाकावरून उठायचं नाही. बाई म्हणतात, बसून राहणं हे गणित शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

गेल्या भेटीत त्यांनी एक पान दाखवलं. नवीन बाई पुन्हा त्यांच्या तासाला बसल्या होत्या. तिरक्या अक्षरात एकच ओळ होती: "प्रश्न विचारल्यावर बाई हात पाठीमागे नेतात आणि बोटं मोजतात. मुलांना दिसत नाही, मला दिसलं."