फिरतीवरचा माणूस इंग्रजीत कसा फिरतो?

प्रश्न : मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. राहतो डोंबिवलीला आणि आठवड्यातले पाच दिवस मुलुंडपासून कसाऱ्यापर्यंत डॉक्टरांचे दवाखाने फिरतो. गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू होता. ‘सध्या काम काय करता?’ असं विचारल्यावर मी म्हणालो, ‘आय रोम फ्रॉम प्लेस टू प्लेस.’ आणि उत्साहाच्या भरात पुढे, ‘आय गेट अराउंड अ लॉट.’ समोरच्या बाई खाली बघून हसल्या. नोकरी काही मिळाली नाही. माझं व्याकरण नेमकं कुठे चुकलं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : व्याकरण कुठेच चुकलं नाही. उलट ‘फ्रॉम प्लेस टू प्लेस’मध्ये तुम्ही ‘अ’ किंवा ‘द’ घुसडला नाहीत, याची मी मनातल्या मनात नोंद घेतली. परळच्या एका रात्रशाळेत मी २६ वर्षं इंग्रजी शिकवलं. तिथली मुलं दिवसभर काम करून यायची आणि हमखास ‘फ्रॉम द डोअर टू द डोअर’ लिहायची. मग मी फळ्यावर दोन रकाने आखायची. एकीकडे दारोदार, घरोघर, गावोगाव. दुसरीकडे डोअर टू डोअर, हाउस टू हाउस, टाउन टू टाउन. आपण शब्दाला शब्द चिकटवतो, इंग्रजी मधे ‘टू’ घालते. दार कुणाचं, हे दोन्हीकडे बिनमहत्त्वाचं. म्हणून आर्टिकल गळतं.

तुमचं घोडं पेंड खाल्लं ते क्रियापदापाशी. आपलं ‘फिरणं’ फार सोशिक आहे. पंखा फिरतो, डोकं फिरतं, आजोबा सकाळी शिवाजी पार्कला फिरायला जातात आणि एमआरही फिरतो. इंग्रजीत ‘रोम’ म्हणजे कुठे जायचं ते न ठरवता फिरणं. मोकाट गुरं रोम करतात. तुमच्या साहेबांना तुम्ही मराठीत ‘मी दवाखान्यादवाखान्यांतून भटकतो’ असं सांगितलं असतंत का? तसं झालं ते.

‘गेट अराउंड’चा सरळ अर्थ ‘बऱ्याच ठिकाणी जाणं-येणं असणं’ हाच आहे. पण बोलताना त्याला एक चावट अर्थही चिकटतो : या गृहस्थांची प्रकरणं बरीच आहेत. बाई बहुधा त्यालाच हसल्या. मनाला लावून घेऊ नका. पण इंटरव्ह्यूत हा प्रयोग पुन्हा नको. त्याचा सख्खा भाऊ ‘गेट अबाउट’ मात्र अगदी सोज्वळ आहे. शेजारच्या ऐंशीच्या आजी काठी टेकत देवळापर्यंत जाऊन येतात, त्या ‘स्टिल गेट्स अबाउट’.

म्हणायला हवं होतं ते असं : ‘आय कव्हर मुलुंड टू कसारा.’ ‘कव्हर’ म्हटलं की तो टापू तुमच्याकडे सोपवलेला आहे, हे एका शब्दात कळतं. किंवा ‘आय ॲम ऑन द रोड फाइव्ह डेज अ वीक.’ फिरतीच्या नोकरीला हा रोजचा, साधा वाक्प्रचार. तुम्ही मंडळी आपसात टापूला टेरिटरी आणि डॉक्टरांच्या भेटीला कॉल म्हणता, तेच शब्द तिथेही चालले असते. ‘लिव्हिंग आउट ऑफ अ सूटकेस’ मात्र टाळा. आपल्या विंचवाच्या बिऱ्हाडासारखा तो आहे खरा, पण त्यात कुरकुर ऐकू येते.

इंग्रजीत माणूस जागचा हलला की आधी पाहायचं, तो आपल्या मर्जीनं हलला की कुणी हलवला. याचा धडा मला एका विद्यार्थ्यानं दिला. तो गिरणीत बदली कामगार होता. रोज गेटवर जायचं, काम असेल तर आत, नसेल तर घरी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तेही संपलं. पुढे येणं असलेल्या पैशांसाठी तो वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घालत होता. मी त्याला निबंधासाठी ‘फ्रॉम पिलर टू पोस्ट’ शिकवलं. वही बंद करत तो म्हणाला, ‘बाई, पिलर म्हणजे खांब, पोस्ट म्हणजे पण खांबच ना? मग खांबावरून खांबावर जातं कोण?’ मी निरुत्तर. पुष्कळ नंतर वाचलं की हा प्रयोग आधी उलटा होता, ‘फ्रॉम पोस्ट टू पिलर’. आणि जुन्या काळी भिंतींच्या आत खेळल्या जाणाऱ्या टेनिसशी त्याचा संबंध जोडतात. म्हणजे जातो तो चेंडू! म्हणूनच इंग्लंडात ‘आय वॉज सेंट फ्रॉम पिलर टू पोस्ट’ असं कर्मणी ऐकू येतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मात्र लोक आपणहून ‘रन’ करतात. हे कळलं तेव्हा तो शाळा सोडून गेला होता.

जाता जाता, लोकलचा पास खिशात आहे म्हणून तुम्ही ‘कम्यूटर’ही आहात, तेही अगदी मूळ अर्थानं. घरच्या निवृत्त मंडळींनी पेन्शनचा काही भाग कम्यूट केला असेल, सरकारी मराठीत अंशराशीकरण. दरमहाची रक्कम बदलून एकरकमी घ्यायची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी रोजच्या भाड्याचं असंच एकरकमी, सवलतीचं तिकीट काढलं, ते कम्यूटेशन तिकीट. ते घेणारा तो कम्यूटर. थोडक्यात, पासवाला. पण हा शब्द घर-ऑफिस जाण्यायेण्यापुरता; दवाखान्यांच्या फेरीला लावू नका.

प्रश्न : आम्ही गिरगावातून ठाण्याला आलो. लंडनच्या भावाला ‘वी हॅव शिफ्टेड’ असं कळवलं, तर म्हणतो हे इंग्रजीच नाही. आमचे यजमान ‘आउट ऑफ स्टेशन’ आहेत, यावरही हसला. – एक वाचक, ठाणे

उत्तर : भाऊ निम्मा बरोबर आहे. तिकडे ‘मूव्ह’ किंवा ‘मूव्ह हाउस’ म्हणतात. ‘शिफ्ट’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कपाट सरकवणारे हमाल येतात. पण इंग्रजी ‘मूव्हिंग हाउस’मध्ये घर तरी कुठे हलतं? आपण बिऱ्हाड हलवलं म्हणतो, ते जास्त खरं आहे. मुंबई-ठाण्यात ‘शिफ्ट’ बिनधास्त वापरा, भावाला पत्र लिहिताना ‘मूव्ह’ करा.

‘आउट ऑफ स्टेशन’वर मात्र त्यानं हसायला नको होतं. ते आपल्याला शिकवलं त्याच्या आताच्या देशबांधवांनी. इंग्रज अधिकारी जिथे राहत, त्या गावाला ते स्टेशन म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हा अर्थ दिलेला आहे. साहेब गावाबाहेर गेला की ‘आउट ऑफ स्टेशन’. साहेब गेला, शब्द राहिला. वरच्या डोंबिवलीकरांना विचारा. नाशिकला रात्रीचा मुक्काम पडला की भत्त्याच्या फॉर्ममध्ये ते आजही ‘आउटस्टेशन’च भरत असतील. भावाला पाठवायचं तर ‘ही इज आउट ऑफ टाउन’ लिहा. आणि यजमान नुसतेच कोपऱ्यावर भाजी आणायला गेले असतील, तर यातलं काहीच लिहू नका.