न्यूड उंदरात टी-पेशी शोधू नकोस
तू विचारलंस, एमएस्सीसाठी तुझा बेत असा: माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी न्यूड उंदरात टोचायच्या आणि गाठीभोवतीच्या टी-पेशींवर (कर्करोगाशी लढणाऱ्या प्रतिकार-पेशी) पीडी-१ (त्यांना लगाम घालणारं प्रथिन) रोखणाऱ्या औषधाचा परिणाम बघायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातली म्हणतेस, म्हणजे आमच्याच गल्लीतली, तेव्हा आडपडदा ठेवत नाही: हे जमणार नाही. न्यूड उंदरात फॉक्सएन१ जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे अंगावर केस नाहीत आणि आत टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथीही नाही, मग टी-पेशी घडणार कुठे? नुसत्या मॅक्रोफेज (भक्षक पेशी) किंवा रक्तवाहिन्या बघायच्या असत्या तर चाललं असतं.

तुला हवी उंदराचीच गाठ, त्याच वाणाच्या उंदरात. बाल्ब-सी वाणाच्या मादीत ४टी१ या उंदराच्या स्तनकर्करोगाच्या पेशी घे, पण चौथ्या स्तनग्रंथीच्या चरबीत टोच. कातडीखाली टोचणं सोपं, म्हणून बहुतेक जण तेच करतात. पण मग गाठीला शेजार मिळतो कातडीचा, आणि तुझा तर विषयच शेजार आहे! ४टी१ रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा पूर आणते, प्लीहा फुगवते. पहिल्या उंदराची लांबलचक प्लीहा बघून मी त्याला आजारी समजून बाजूला काढलं होतं. दुसरा तसाच, तिसराही तसाच, तेव्हा ट्यूब पेटली. एक मात्र आहे, पीडी-१च्या औषधाला ४टी१ फारशी दाद देत नाही. औषधच मुख्य असेल तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एमसी३८ पेशी बघ, सी५७ ब्लॅक-६ वाणाच्या उंदरात. एमएमटीव्ही-पीवायएमटीसारखे आपोआप गाठ येणारे उंदीर एमएस्सीच्या मुदतीत नकोच.

आता तापमान. अ‍ॅनिमल हाऊस साधारण २२ अंशांवर ठेवतात, उंदराला मात्र ३०च्या आसपास बरं वाटतं. अमेरिकेतल्या रोझवेल पार्क या कर्करोग संस्थेच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की ३० अंशांवर ठेवलेल्या उंदरांत गाठी हळू वाढतात, आणि त्यामागे सीडी८ (कर्कपेशी मारणाऱ्या) टी-पेशी असतात. आमच्याकडे एका मे महिन्यात एसी दोन दिवस बंद होता. बडोद्याचा मे तुला सांगायला नको. त्या तुकडीचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात, शेवटी अख्खी तुकडी बाद केली. तेव्हापासून रॅकला थर्मामीटर टांगलेला असतो आणि वहीत रोज दोनदा नोंद होते.

पेशी मागवायच्या आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज टाक. गटात उंदीर किती, आणि गाठ केवढी झाली की थांबणार, हे आधीच ठरवून लिही. आणि गाठ मोजायचा कॅलिपर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच्याच हातात राहू दे.